गाळून उरलेले सत्तावीस

समजा, तुम्ही पाण्याची मोटर आहात. हसू नका, समजून तर बघा! वेदगंगेच्या काठावर, खोल विहिरीच्या वर, एका पत्र्याच्या खोलीत तुम्ही बसला आहात. खाली नदीचं पाणी, वर माळावर गावाचा ऊस, आणि ते पाणी तिथवर चढवायचं काम तुमचं. तुम्हाला तोंड नाही. घसा कोरडा पडला, अंग तापलं, तरी ओरडता येत नाही. फक्त शेजारच्या भिंतीवर एक डबा आहे. त्यात मोबाइलचं सिम घातलेलं आहे. तुम्ही अडून थांबलात की तो डबा एका माणसाच्या फोनवर एक मेसेज पाठवतो. तोही इंग्रजीत.

आता सांगा, तुमचं दुखणं कुणाला कळणार? मेसेज वाचेल त्याला. आणि ज्याला इंग्रजी वाचताच येत नाही, त्याला?

निपाणीपासून आठ-नऊ किलोमीटरवर एका गावात अशा दोन मोटरी होत्या, आणि त्यांचा माणूस होता मष्णू. गावच्या पाणी संस्थेत तो सोळा वर्षं मोटरी सांभाळत होता. वीज आली की मोटर चालू करायची, गेली की पाइपावरच्या चाव्या, म्हणजे व्हॉल्व्ह, बघायच्या, विहिरीत उतरून जाळीत अडकलेलं शेवाळ काढायचं, हे त्याचं काम. मोटरीत काही बिघडलंय का हे तो एका वेळूच्या काठीनं ओळखायचा. काठीचं एक टोक मोटरीला टेकवायचं, दुसरं कानाला. आठवीतल्या प्रणितालाही त्यानं ते शिकवलं होतं.

"काय म्हणती मोटर?" तो विचारायचा.

"घूं घूं म्हणती, मामा."

"मग बरी हाय. खर्र खर्र म्हणाया लागली की मला हाक मार."

आणि ह्याच मष्णूमामाचं काम जाणार होतं.

झालं असं, की त्या हंगामात एक नंबरची मोटर दोनदा जळाली. दोन्ही वेळा ती काढून निपाणीला न्यावी लागली, आणि दोन्ही वेळा आठ-आठ दिवस उसाला पाणी नव्हतं. संस्थेचे चेअरमन परशराम एका संध्याकाळी प्रणिताच्या घरी आले. प्रणिताचे वडील पद्मराज संस्थेचे सेक्रेटरी होते. घरी सगळे त्यांना आप्पा म्हणत. प्रणिता आतल्या खोलीत गणितं सोडवत बसली होती, पण कान बाहेरच्या कट्ट्यावर होते.

"सोळा वर्षं झाली म्हणून काय डोक्यावर घ्यायचा व्हय त्याला?" परशराम म्हणाले. "जाळी साफ करत न्हाय. मोटर कोरडी पळती आन् जळती. रविवारी मीटिंगला विषय मांडतो. दुसरा माणूस बघूया."

"पुराव्याबिगर कसं काढायचं, आण्णा?" आप्पा म्हणाले.

"पुरावा त्याच्या फोनात हाय की. प्रत्येक येळी मशीननं मेसेज धाडलाय. मशीन काय माझं पावणं न्हाय माझ्या बाजूनं बोलायला."

मष्णू पायरीशी उभा होता. त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला आणि आप्पांच्या हातात दिला.

"घ्या, आप्पा. एकबी मेसेज पुसलेला न्हाय. मला त्यातलं वाचाय येत न्हाय, पर वाचल त्याला दिसंलच." एवढं बोलून तो गेला.

आप्पांनी फोन उघडला. मेसेजमागून मेसेज सरकत राहिले, संपेचनात. "हे कवा वाचायचं आन् कवा लिवायचं?" ते पुटपुटले.

प्रणिता दारात येऊन उभी राहिली. "आप्पा, ही यादी मी करू? प्रोग्रॅम लिहून करते. त्रिशला आक्कानं शिकवलंय."

त्रिशला आक्का म्हणजे तिची चुलतबहीण. ती बेळगावात कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला होती आणि टिळकवाडीत खोली घेऊन राहायची. दिवाळीच्या सुट्टीत तिनं प्रणिताला आपला जुना लॅपटॉप दिला होता आणि जावास्क्रिप्टची ओळखही करून दिली होती.

आता हे काम नेमकं काय होतं, ते तुम्हीही समजून घ्या. अवघड नाही. एक मेसेज मराठीत सांगायचा तर असा असायचा: "मोटर एक थांबली, कोरडी, सहा बेचाळीस, तीन पॉइंट एक अँपिअर." माणसाला हे वाचून कळतं. कॉम्प्युटरला मात्र ही नुसती अक्षरांची माळ. यातली वेळ कुठली आणि मोटरीचा नंबर कुठला, हे त्याला आपण सांगावं लागतं. त्यासाठी एक साचा करतात: आधी मोटरीचा नंबर येईल, मग बिघाडाचं नाव, मग वेळ, मग एक आकडा. जावास्क्रिप्टवाले या साच्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मेसेज साच्यात बसला की त्यातला एकेक तुकडा सुटा होऊन हातात येतो, आणि तो आपण नाव लिहिलेल्या कप्प्यात ठेवायचा. कप्प्यांची नावं मराठीत दिली तरी जावास्क्रिप्टला चालतात. आकडे मात्र इंग्रजीच लागतात. प्रणिताच्या मेसेजचं शेवटी असं रूप झालं:

{ मोटर: 1, बिघाड: "कोरडी", वेळ: "06:42", अँपिअर: 3.1 }

एकदा सगळे मेसेज असे कप्प्यांत बसले, की मग काहीही विचारा. कोणती मोटर जास्त थांबली? कोणत्या कारणानं? कॉम्प्युटर चुटकीसरशी मोजून देतो.

प्रणितानं फोनमधले सगळे मेसेज एका फाइलीत उतरवून घेतले. साचा करायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्यांदा एकही मेसेज बसेना, कारण स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा ती विसरली होती. नंतर प्रोग्रॅम मध्येच बंद पडू लागला. तिनं त्रिशला आक्काला फोन केला.

"न जुळणारा मेसेज आला असंल गं," आक्का म्हणाली. "साचा जुळला न्हाय की हातात काहीच येत न्हाय. आन् तू त्या काहीच न्हाईतनं वेळ काढाय बघतीस. आधी तपास, जुळलाय का. न्हाय जुळला तर..." मागून कुणीतरी आक्काला हाक मारली. "उद्या बोलते, थांब," म्हणत तिनं फोन ठेवला.

प्रणिता उद्यापर्यंत थांबली नाही. तिनं तेवढी एक ओळ स्वतःच्या मनानं लिहिली: जुळला नाही, तर सोडून पुढे चल. प्रोग्रॅम सुरळीत चालला. शुक्रवारी संध्याकाळी पडद्यावर तक्ता आला. कमी दाबाची वीज, एकसष्ट वेळा. मोटरीवर जादा भार, अठ्ठावीस वेळा. आणि कोरडी, अठ्ठ्याण्णव वेळा. त्यातल्या बहुतेक एक नंबरच्या.

तिनं तो आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. अठ्ठ्याण्णव! म्हणजे परशरामआण्णाच खरे?

आप्पांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "बरं केलंस. रविवारी तूच वाचून दाखव. मशीननं सांगितलं ते सांगायचं. आपलं मन मधी घालायचं न्हाय."

"पण आप्पा, मष्णूमामा..."

"म्हणून तर म्हणतो."

त्या रात्री ती मुकाट्यानं झोपली. प्रोग्रॅम चालला होता, आणि तरीही तिला काहीच बरं वाटत नव्हतं. तुमचंही असं कधी झालंय? उत्तर आलेलं असतं, पण ते घशाखाली उतरत नाही.

शनिवारी सकाळी ती आजीबरोबर विहिरीवर गेली. तिची आजी धोंडूबाई. घरात नळ होता, पण पिण्याचं पाणी आजी बस्तीजवळच्या, म्हणजे जैन मंदिराजवळच्या, विहिरीचंच आणायची, आणि तिथल्या तिथं गाळून घ्यायची. दुहेरी घडीचं जाड कापड घागरीच्या तोंडावर, त्यावरून बारीक धारेनं पाणी. प्रणितानं लहानपणापासून हे पाहिलेलं. त्या दिवशी पाणी ती गाळत होती, पण मन ठिकाणावर नव्हतं. घागर भरली, तिनं कापड उचललं आणि शेजारच्या दगडावर झटकायला हात वर केला.

"अगं अगं! काय कराय लागलीस?" आजीनं तिचा हात धरला.

"काय न्हाय, कचरा झटकतेय."

"कचरा? तुला दिसत न्हाय म्हणून कचरा व्हय गं?" आजीनं कापड काढून घेतलं. "चौदा वर्षांची घोडी झालीस. जिवाणी ठावं न्हाय तुला?"

ठाऊक कसं नव्हतं! पाणी गाळल्यावर कापडावर जे राहतं, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते म्हणजे जिवाणी. ती फेकायची नाही. आजीनं गाळलेलं थोडं पाणी घेऊन कापड उलट्या बाजूनं हलकेच खळबळलं आणि ते पाणी लहान बादलीत घेतलं. त्या बादलीला खालीही एक कडी होती. बादली पार पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची आणि मगच दुसऱ्या दोरीनं अलगद उलटी करायची.

"वरनं ओतलं तर काय होतं, आजी?"

"तुला वरनं ढकलली तर काय होईल?"

"आणि घरी नेऊन तिथल्या हौदात सोडलं तर?"

"त्यांचं घर ते न्हवं. ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत." आजी दोरी वर ओढू लागली. "आपण पाणी घेतलं आपल्यापुरतं. आपल्या कापडातनं गेलं न्हाय म्हणून मागं राहिलेलं फुकट जात न्हाय."

प्रणिता दोरीकडे बघत राहिली. मग एकदम तिनं विचारलं, "आजी, मी जाऊ?"

"घागर कोण तुझा काका नेणार?"

तिनं घागर उचलली आणि पाणी हिंदकळत घर गाठलं. लॅपटॉप उघडला. किती मेसेज साच्यात बसले, हे तिला माहीत होतं. एकसष्ट, अठ्ठावीस, अठ्ठ्याण्णव. एकशे सत्त्याऐंशी. पण मुळात फाइलीत मेसेज किती होते? हे तिनं कधी मोजलंच नव्हतं.

मोजले. दोनशे चौदा.

सत्तावीस मेसेज तिनं झटकून दिले होते. न बघता.

"जुळला नाही, तर सोडून पुढे चल" ही ओळ तिनं पुसली. त्या जागी लिहिलं: जुळला नाही, तर जसाच्या तसा 'उरलेले' नावाच्या कप्प्यात ठेव, आणि तो फाइलीत कितवा होता, तेही त्याच्यापाशी लिही. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडद्यावर सत्तावीस ओळी आल्या. दोन होत्या सिमच्या रिचार्जच्या. बाकीच्या पंचवीस लांबलचक, प्रत्येकीत एकाऐवजी तीन आकडे, आणि मध्ये आर, वाय, बी अशी सुटी अक्षरं. साच्यात एकाच आकड्याची जागा होती. या बिचाऱ्या बसणार कशा? पण त्यांचा अर्थ काय, हे तिला काही उमगेना.

त्या कुणाला विचारायच्या, हे मात्र तिला आता माहीत होतं. ती लॅपटॉप छातीशी धरून नदीकडे निघाली.

मष्णू मोटरीच्या खोलीबाहेर बसून चावीला वंगण लावत होता. तिला बघून तो हसला, पण रोजच्यासारखं नाही.

"झाली यादी?"

"मामा, यातले काही मेसेज मला समजत न्हाईत. लांब हायत. त्यात तीन-तीन आकडे..."

"लांबुडकी व्हय?" मष्णूनं हातातली चावी खाली ठेवली. "दोन ओळी भरून तिसरीवर जात्यात, तीच न्हवं?"

"तुम्हाला वाचता येत न्हाय म्हणालात की!"

"वाचाय कशाला पायजे? सोळा वर्षांत माणूस चालीवरनं वळकू येतो, मग मेसेज कसा येणार न्हाय? आखूड आला तर जाळी, न्हायतर दाब. लांबुडका आला की तार." त्यानं खोलीबाहेरच्या खांबावरच्या पेटीकडे बोट केलं. "तीन तारांतनं वीज येती. एक तार अधनंमधनं मान टाकती. मग मोटर बंद. बंद झाली की पाइपातलं पाणी खाली उतरतंय, विहिरीतला फुटबॉल जुना हाय न्हवं का."

पाइपाच्या खालच्या टोकाला पाणी मागं जाऊ न देणारी झडप असते. तिला त्या गावात सगळे फुटबॉल म्हणतात, आणि चेंडूशी तिचा काहीएक संबंध नाही.

"मग?"

"मग हा शाना डबा चार मिनिटांनी आपोआप मोटर चालू करतोय. पाइपात पाणी कुठाय? कोरडीच पळती. परत बंद, परत चालू. तीन-चार डाव. मी परशरामआण्णाला दोनदा सांगितलतं, पेटीतला जोड बघा म्हणून. ते म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं. माझ्याकडं लिवलेलं काय न्हवतं."

प्रणिता तिथंच पायरीवर बसली. आता तिला तीन आकडे म्हणजे तीन तारा आणि आर, वाय, बी ही त्या तारांची नावं, हे कळलं होतं. तिनं त्या लांब मेसेजांसाठी दुसरा साचा केला. अर्धा तास गेला. मग सगळे मेसेज वेळेप्रमाणे एकापाठोपाठ लावले आणि विचारलं: लांब मेसेजनंतर वीस मिनिटांच्या आत कोरडी किती वेळा?

एक्याण्णव.

"अठ्ठ्याण्णवातले एक्याण्णव, मामा!" ती उठून उभीच राहिली. "पंचवीसही वेळा मधलीच तार पडलेली. वाय!"

मष्णूनं वंगणाचे हात फडक्याला पुसले. मग त्यानं विचारलं, "आन् राहिलेले सात?"

"ते... त्यांच्या आधी तार पडलेली न्हाय."

"ते सात माझे," मष्णू म्हणाला. "माघात शेवाळ लई आलतं आन् माझा पाय मुरगळला होता. दोन दिवस विहिरीत उतरलो न्हाय. तेबी सांग उद्या."

"सांगू?"

"सांग की. मशीननं सांगितलेलं अर्धं सांगायचं आन् अर्धं गिळायचं, असं कसं?"

रविवारी मीटिंग संस्थेच्या ऑफिसात भरली. तीसेक माणसं असतील. प्रणितानं लॅपटॉप टेबलावर ठेवला. तिनं आधी अठ्ठ्याण्णवचा आकडा सांगितला. परशरामांनी मान डोलावली. मग तिनं पंचवीस लांब मेसेज सांगितले, तारांचे तीन आकडे सांगितले, आणि एक्याण्णव वेळा काय घडलं ते एक दिवस निवडून ओळीनं वाचून दाखवलं: सहा अडतीसला मधली तार पडली, सहा बेचाळीसला कोरडी, सहा सेहेचाळीसला कोरडी, सहा पन्नासला कोरडी. शेवटी मष्णूचे सातही सांगितले.

"थांब गं पोरी," परशराम म्हणाले. "परवा तुझ्या आप्पानं मला तक्ता दाखवला, त्यात ही तार-बीर काय न्हवती. आता कुठनं आली? मष्णूनं शिकवली व्हय?"

खोलीत कुणीतरी हसलं. खोटं बोलणं सोपं होतं. 'कॉम्प्युटरची चूक' म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

"माझी चूक झाली, आण्णा," ती म्हणाली. "माझ्या साच्यात जे मेसेज बसले न्हाईत, ते मी न बघताच टाकले होते. मशीननं धाडले होते, मी टाकले. काल परत काढले. फोन इथंच हाय, तुम्ही मोजून बघा. दोनशे चौदा."

परशरामांनी खरंच फोन घेतला. चष्मा लावला. एक लांब मेसेज उघडून पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकात मधला आकडा इतर दोन आकड्यांच्या निम्मा.

"वायरमन शामूला हाक मारा," ते शेवटी म्हणाले. "मीटिंग नदीवर."

मग सगळी मीटिंग उसाच्या बांधावरून नदीवर गेली. शामूनं वरून वीज बंद केली, शिडी लावली, खांबावरची पेटी उघडली आणि आत डोकावून म्हणाला, "अगाई!" मधल्या तारेचा जोड जळून काळा ठिक्कर पडला होता. बोटानं हलवला तर हलत होता. पेटी संस्थेचीच होती. ती उघडून किती वर्षं झाली, हे कुणालाच आठवेना.

परशराम मष्णूकडे न बघताच म्हणाले, "जोड नवा करा. फुटबॉलबी बदला." मग म्हणाले, "आन् मष्णू, पाय दुखत असला की सांगत जा रं बाबा. जाळीला आपण दुसरं कुणीतरी उतरवू."

"व्हय, आण्णा," मष्णू म्हणाला. काठी उचलून तो खोलीत गेला, कारण शामू वीज सोडणार होता आणि मोटर काय म्हणते ते त्याला ऐकायचं होतं.

पुढचे पंधरा दिवस एकही लांबुडका आला नाही. डब्याचे मेसेज आता मष्णूच्या फोनवरून प्रणिताच्या लॅपटॉपवरही येत. रोज शाळेतून आल्यावर ती प्रोग्रॅम चालवायची, आणि तक्ता बघायच्या आधी 'उरलेले' कप्पा बघायची. तो रोज रिकामा असायचा.

एका बुधवारी त्यात एक मेसेज होता. लांब नव्हता, आखूडही नव्हता. त्यात एकही आकडा नव्हता. नुसते तीन इंग्रजी शब्द. तिनं ते दोनदा वाचले. शब्दांचे अर्थ लागले, पण मोटर काय म्हणतेय ते कळेना.

"चहा घे गं आधी," आजी आतून म्हणाली.

"आल्यावर घेते."

प्रणितानं तो मेसेज वहीच्या कागदावर जसाच्या तसा उतरवून घेतला, कागदाची घडी केली, चपला पायात सरकवल्या आणि ती नदीच्या वाटेला लागली.